बोरी अरबची बेरीज

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबला सलीमभाई नावाचे एक गृहस्थ आहेत. फवारणीचे पंप दुरुस्त करतात, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. पुण्यातल्या खुर्चीत बसून, त्यांचं तोंडही न पाहता, मी त्यांना खोटारडं ठरवलं. चूक माझी होती. त्यांची नव्हती. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण प्रवासवर्णनात चांगलं जेवण आणि चांगली माणसं भेटायला लागली की असल्या गोष्टी हळूच तळाशी जातात. माझ्या या प्रवासात दोन्ही भरपूर भेटली.

चूक काय होती ते सांगायला माझं काम सांगावं लागेल. मी कंपायलर लिहितो. माणसानं कागदावर मांडलेली गणितं यंत्राला पाळता येतील अशा बारीक पायऱ्यांत उतरवणारा प्रोग्राम, तो कंपायलर. त्यातही माझा विषय विरळ टेन्सर. नावाला घाबरू नका. एक भलंमोठं कपाट डोळ्यांपुढे आणा. त्याची एक बाजू गावांची, दुसरी सापळ्यांची, तिसरी दिवसांची. प्रत्येक खणात एक आकडा: त्या गावात, त्या सापळ्यात, त्या दिवशी गुलाबी बोंडअळीचे किती पतंग सापडले. हे पतंग म्हणजे बोंडअळीची पाखरं. ती वाढली की समजायचं, कपाशीच्या बोंडात अळी शिरणार. आता गंमत अशी की या कपाटातले बहुतेक खण रिकामे, म्हणून त्याला विरळ म्हणायचं. प्रत्येक गावात सापळा नाही, आणि सापळा रोज कुणी पाहत नाही. सबंध कपाट आम्ही गावोगावी दिलेल्या स्वस्तातल्या टॅबमध्ये कोंबायला गेलं तर टॅब गुदमरतो. म्हणून फक्त भरलेले खण ठेवायचे, प्रत्येकाची एक चिठ्ठी, तीवर आकडा आणि खणाचा पत्ता. अंदाजाचं सूत्र लिहिणारा माणूस कपाट पूर्ण आहे असं धरूनच लिहितो. भरलेल्या खणांवरूनच चालायचं, रिकाम्यांकडे बघायचंही नाही, ही अक्कल कंपायलरनं लावायची. कुठली बाजू पूर्ण ठेवायची, कुठली दाबून बसवायची, आधी गाव की आधी दिवस, यातच माझी उमेदीची वर्षं गेली, आणि खरं सांगतो, आनंदात गेली.

या कामात एक जुना प्रश्न असतो. एकाच पत्त्याच्या दोन चिठ्ठ्या आल्या तर काय करायचं? मी पूर्वी पुलांची गणितं करायचो. तिथे एका सांध्यावर दोन तुळयांचा भार येतो, दोन चिठ्ठ्या येतात, त्या मिळवायच्या असतात. तीच सवय मी इथेही ठेवली. एका ओळीचं काम होतं. ना कुणाला विचारलं, ना त्यावर क्षणभर थांबलो.

बोरी अरबचे सापळे सलीमभाई पाहायचे. शेतकरी फोनवर सांगे तो आकडा ते टॅबमध्ये भरत. मग वेळ मिळाला की गाडीवर बसून स्वतः जाऊन मोजत आणि पुन्हा भरत. आधीची नोंद पुसायचं बटण आम्ही दिलंच नव्हतं. फोनवर सहा, डोळ्यांनी सात. माझ्या कंपायलरनं तेरा केले. तेरा म्हणजे धोक्याच्या रेषेपलीकडे, म्हणून पडद्यावर गाव लाल झालं.

बोंडअळीनं सगळ्या जिल्ह्याची झोप उडवली होती त्या वर्षांतली ही गोष्ट. लाल खूण म्हणजे थट्टा नव्हती. लोकांनी अडगळीतले पंप काढले, आणि दुरुस्तीला नेले सलीमभाईंकडेच. मग कुणीतरी शहाण्यानं शेतात जाऊन बोंडं फोडून पाहिली. अळी नव्हतीच म्हणायची. गावात चर्चा सुरू झाली. गावातल्या सहकारी सोसायटीच्या ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवून आमची बैठक झाली. एका शेतकऱ्यानं विचारलं, "साहेब, हे तेरा कुठून आले?" मी म्हणालो, "हिशेब चुकत नाही. आकडा भरणाराच चुकला असेल." इथे थांबलो असतो तरी बरं होतं. पुढे म्हणालो, "आणि त्यांचं दुकान पंपांचंच आहे ना?"

तिकडे ओट्यावर हशा पिकला. तो मला ऐकू आला, आणि आवडला.

पुढे दुसऱ्याच एका कामात चाचणीसाठी मी एकाच पत्त्याच्या दोन चिठ्ठ्या दिल्या आणि बेरीज समोर आली, तेव्हा बोरीचे तेरा कुठून आले ते कळलं. ओळ दुरुस्त केली. काही दिवस कुणाला बोललो नाही. मग यवतमाळचं तिकीट काढलं. घरी सांगितलं, प्रात्यक्षिक दाखवायला चाललोय.

यवतमाळ

सकाळी बसमधून उतरलो तेव्हा छान थंडी होती आणि स्टँडबाहेर पोह्यांवर तर्री ओतली जात होती. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडते आणि ते गुणी मुलासारखे बशीत बसतात. इथे त्यांच्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा येतो. पहिल्या घासाला ठसका लागला, दुसऱ्याला नाक वाहू लागलं, तिसऱ्याला मी आणखी तर्री मागितली. गाडीवाला म्हणाला, "पुण्याचे का जी? तुमच्या डोयातून पानी येऊन राह्यलं, पन हात थांबत नाही." अपराधी मनानं आलेल्या माणसाला इतकी भूक लागू नये असं वाटलं. तरी दुसरी बशी घेतली.

सापळ्यांचं काम बघणाऱ्या कविताताईंचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. त्यांना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे सलीमभाई खरे होते."

"पूर्ण खरे."

"मग सर, नवा प्रोग्राम टाकून देऊ. चूक सापडली, दुरुस्त झाली. आता कोणाला काही सांगायची गरज आहे का?"

कबूल करतो, त्या क्षणी मला फार हलकं वाटलं. परतीच्या बसची वेळसुद्धा मनात येऊन गेली. पण ताईंनी उठून कपाट उघडलं आणि एक टॅब बाहेर काढला. त्याला फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलेलं होतं.

"हे कव्हर शमीमभाभींनी शिवलं. सलीमभाईंच्या घरच्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर मी हा त्यांच्याकडून काढून घेतला. तेव्हापासून बोरीचे सापळे कोणी पाहत नाही. दुसरा माणूस मिळाला नाही, अन् गावात कोणी तयारही होत नाही. म्हणतात, उद्या आमचंही नाव घ्याल."

"ते परत घेतील का?"

"सलीमभाई घेतील कदाचित. भाभी घेऊ देणार नाहीत." आणि मग, माझा चेहरा पाहून की काय, "जेवण मात्र चांगलं करतात हो त्या."

बोरीच्या वाटेवर

दारव्ह्याकडे जाणाऱ्या एसटीत चढलो. टॅब पिशवीत. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेलं रान. कापसाचे ट्रक जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस चिकटला होता. काट्याकाट्यावर पुंजके, जणू बाभळीलाच बोंडं फुटली आहेत. लांबून शेत पांढरंशुभ्र दिसतं. बस थांबली की कळतं, पांढरं थोडंच आहे, काळी माती आणि वाळकी पऱ्हाटीच जास्त. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. हा शब्द मला इथेच मिळाला आणि मी तो घेऊन आलो.

शेजारी वेचणीला निघालेल्या दोन बायका होत्या, कमरेला कापूस भरायची ओटी गुंडाळलेली. त्यातल्या एकीनं माझी चौकशी सुरू केली. गाव झालं, मुलंबाळं झाली, मग, "काम काय करता जी?"

सोपं करून सांगावं म्हणून मी म्हणालो, "रिकाम्या जागा साठवायच्या नाहीत, फक्त भरलेल्या साठवायच्या, असं काम आहे."

तिनं गच्च भरलेल्या बसवर नजर फिरवली. दारात माणसं लोंबत होती, माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती.

"मंग ही यष्टी तुमीच बनवली का?"

अख्खी बस हसली. कोंबडी तेवढी गंभीर होती. मीही हसलो, आणि किती दिवसांनी हसतोय ते लक्षात आलं.

दुकान

सलीमभाईंचं दुकान सापडायला कष्ट पडले नाहीत. आडव्या बांबूला पंप टांगलेले, निळे, पिवळे, शाळेच्या व्हरांड्यातल्या दप्तरांसारखे. खाली पाटावर बसलेले, रुंद खांद्यांचे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ तांब्याची तार मोटारीत भरत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य कुठेतरी उडून गेलं.

"नोझल पाहिजे का वायसर?"

"नाही, मी... पुण्याहून आलोय."

"पुण्याले नोझल नाही भेटत?"

"नोझल नकोच. मी तो प्रोग्राम लिहितो. सापळ्यांचा."

त्यांचा हात थांबला. मान तिरकी करून त्यांनी मला नीट पाहिलं.

"आणखीन थोडं बोला बरं."

"काय बोलू?"

"बस, बस. तुमीच ते! म्या म्हनलं, आवाज वळखीचा वाटून राह्यला." आणि घराकडे तोंड करून, एखादा नातेवाईक आल्यासारखे ओरडले, "अजी, सुनो! ते फोनवाले साहेब आले!"

आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो बंद झाला. पडदा सरकला. शमीमभाभी दारात आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या. ओढणी सारखी करत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जेवले का?"

"नाही, पण मी आधी..."

"आधी जेवा. जेवन पाहुन्याचं हाय. त्या बोलन्याचं मंग पाहू."

आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का, आणि पाहुणा नको म्हणतो, आणि दोघंही सुटतात. इथे ती सोय नाही. ज्वारीची भाकर आली, तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी आली. त्या दाण्यांना सोले म्हणतात, आणि लसूण-मिरचीत त्यांची जी भाजी होते तिच्यासाठी मी पुन्हा चूक करायला तयार आहे, असं लिहिणार होतो. पण ते खरंच लिहू नये. ठेचा होता, कांदा होता, शेवटी डाळीचा आंबटसर दालचा आणि भात. भाभी वाढत होत्या आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नव्हत्या. सलीमभाई दोघांचं बोलत होते. ते बोलायला बसले की थांबत नाहीत आणि सगळं थोडं वाढवून सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी भरलेली मोटार आजवर कधी जळली नाही. "परवाच परत आली ती कोनाची होती?" भाभी आतून म्हणाल्या. "ते वीज खराब होती," सलीमभाई म्हणाले.

हात धुतल्यावर मी सांगितलं. दोन चिठ्ठ्या, एक पत्ता, सहा आणि सात. पुलांचं गणित. माझी ओळ.

सलीमभाईंनी बोटांवर मोजलं. "सहा अन् सात तेरा. मंग बेरीज तं बरोबरच केली त्यानं! चुकली कुठं?"

"बेरीज बरोबर होती. बेरीज करायलाच नको होती. तुमचा दुसरा आकडा भर नव्हता, दुरुस्ती होती."

"आता काय करते तो?"

"आता एकाच पत्त्यावर दुसरी नोंद आली की आधी विचारतो. ही भर आहे की दुरुस्ती? उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जात नाही."

"हे पयलेच विचारलं असतं तं?" भाभी म्हणाल्या. जेवणाखेरीज त्या माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य.

मी हात जोडले. "सलीमभाई, मला माफ करा."

ते अवघडले. माझे हात खाली केले. "आवो, मी खोटा नाही हे मले मालूमच होतं. मले सांगून काय फायदा? ज्याले मालूम नाही त्याले सांगा न. उद्या बाजार हाय, सारा गाव ओट्यावर असते." मग पिशवीतून डोकावणाऱ्या फुलाफुलांच्या कव्हरकडे त्यांची नजर गेली. हात पुढे आला आणि भाभींकडे पाहून मागे गेला. "तोवर ते तुमच्याजवळच असू द्या."

शेत

दुपारी सलीमभाईंना एक दुरुस्त केलेला पंप वानखडे भाऊंच्या शेतात पोचवायचा होता. मलाही चला म्हणाले. गाडीवर पंप धरायला जागा नव्हती म्हणून तो माझ्या पाठीवर आला. "पानी भरून पाहिलं, एकदम फस्क्लास, थेंब नाही गळत," असं त्यांनी छातीठोक सांगितलं. गावाबाहेर पडेपर्यंत माझा शर्ट मागून ओला झाला होता. नाल्याच्या उतारावर विजारीत पाणी गेलं. शुद्ध पाणी होतं म्हणून बरं. वाटेत भेटणारा प्रत्येकजण हात वर करून विचारी, "सलीमभाई, नवा मानूस ठेवला का?" आणि ते म्हणत, "पुण्याहून मागवला!"

वानखडे भाऊ बांधावर तुरीच्या शेंगा उकडत होते. मिठाच्या पाण्यात, शेंगांसकट. उंच, बारीक, बोलायला तिखट.

"काय रे सलीम, आज पाहुन्याच्या पाठीवर दुकान टाकलं?" मग डोळा बारीक करून, "का पतंग वाढले पुन्हा? मंग आमी पंप घेऊन लायनीत उभे राह्यतो."

त्यांचा आवाज मी ओळखला. स्पीकरवर तेरा कुठून आले म्हणून विचारणारे तेच होते. सलीमभाई हसले, पण त्यांच्या हसण्याला उशीर झाला. आणि मी काय केलं? मी शेंग सोलत होतो. बोलायची वेळ हीच होती, एका माणसापुढे, सोपी. मी शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणालो, "छान आहेत."

शेतातला सापळा पाहिला. काठीला बांधलेलं नरसाळं, खाली लांब पिशवी, पिशवीत वाळलेले पतंग, त्यांच्यावर कोळ्याचं जाळं. कित्येक दिवसांत कुणी मोजले नव्हते. सलीमभाईंनी पिशवीची गाठ सोडली, मग पुन्हा बांधली. "आता हे माहं काम नाही," म्हणाले. वानखडे भाऊ पऱ्हाटीच्या ओळीतून एक फूल तोडून घेऊन आले. पाकळ्या उघडल्याच नव्हत्या, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून चिकटलेल्या.

"डोमकळी. आत अळी हाय. या वर्षी थोड्या थोड्या दिसून राह्यल्या," ते म्हणाले. आवाजात आता चेष्टा नव्हती. "टॅब होता तवा निदान कळे तरी."

ओल्या विजारीत उभा राहून मी त्या मिटलेल्या फुलाकडे पाहत होतो. एका माणसाला मी गावापुढे खोटं पाडलं, आणि त्यासोबत गावाचा डोळाही काढून घेतला, हे मला तिथे, त्या बांधावर कळलं. पुण्यात कळलं नव्हतं.

बाजार

दुसऱ्या दिवशी बोरीचा बाजार मला माझ्या विषयाची आठवण करून देत राहिला. माणूस कुठेही गेला तरी आपलं काम सोबत नेतोच. मिरचीवाल्यांची ओळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते एवढं ठाऊक असलं की पुरतं. मधल्या कुणाला काही विचारावं लागत नाही. बांगड्यावाल्या दोनच, पण त्यांची जागा ठरलेली. भांड्यांच्या ओळीत आज एकच माणूस आला होता, तर त्याच्यासाठी सबंध मैदान कुणी मोकळं ठेवलं नव्हतं. भाभींनी मला पिशवी धरायला दिली आणि मेथी घेताना घासाघीस केली. मी मध्येच "ठीक आहे, द्या" म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी हिशेबात नका पडू." बाजूची म्हातारी जोरात हसली. भाभी हसल्या नाहीत, पण त्यांच्या चष्म्यामागे काहीतरी हललं असं मला वाटलं.

बाजार उतरायला लागला तशी माणसं सोसायटीच्या ओट्यावर जमली. वानखडे भाऊ होते. सलीमभाई एका टोकाला, खांबाला टेकून. भाभी खाली, मेथीची पिशवी घेऊन उभ्या. नव्या प्रोग्रामसाठी पुण्याहून आलेला माणूस म्हणून माझी ओळख झाली आणि मी बोलायला लागलो.

पहिल्यांदा मी घाण केली. मी म्हणालो, विरळ टेन्सर साठवण्याच्या अनेक पद्धती असतात. मी म्हणालो, पत्त्यांच्या यादीत पुनरावृत्ती झाल्यास ती कशी हाताळावी याचा निर्णय संदर्भावर अवलंबून असतो. वाक्यं शुद्ध होती आणि त्यांत कुणीच माणूस नव्हता. लोक मान हलवत होते. एकजण उठून चुना मागायला गेला.

"सारं ठीक हाय," खालून भाभींचा आवाज आला. "चुकलं कोनाचं?"

मग मी सांगितलं. फोनवर सहा सांगितले गेले, सलीमभाईंनी स्वतः जाऊन सात मोजले, दोन्ही भरले, कारण पुसायचं बटणच आम्ही दिलं नव्हतं, आणि माझ्या प्रोग्रामनं ते मिळवून तेरा केले. सलीमभाईंनी एकही आकडा खोटा भरला नाही.

ओट्यावर एकदम गलका झाला. "म्हनलं नव्हतं का म्या!" असं म्हणणारे कितीतरी निघाले, त्यांतल्या कुणीच तसं म्हटलं नसावं. वानखडे भाऊंनी गुडघ्यावर थाप मारली. "मंजे मशीननं घोळ केला! जाऊ द्या साहेब, मशीनची चूक. मानूस काय करन? सलीम, घे बाप्पा तुहा टॅब, अन् उद्या पयले माह्या वावरातला सापळा पाहा. डोमकळ्या दिसून राह्यल्या."

"तुह्या वावरात पयले काहून? मोठा आला!" सलीमभाई म्हणाले. पण त्यांचं तोंड फुललं होतं. मी टॅब पुढे केला. त्यांनी तो घेतला, कव्हरवरची धूळ झटकली. कुणीतरी चहा सांगितला. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. सगळं जुळून आलं होतं, मशीनची चूक ठरली होती, आणि माझी बस सुटायला अजून वेळ होता. मला तिथेच थांबता आलं असतं. बाकी सगळे थांबलेच होते.

भाभी थांबल्या नव्हत्या. त्यांनी मेथीची पिशवी उचलली, ओढणी डोक्यावर घेतली आणि घराच्या दिशेनं चालू लागल्या. सलीमभाईंच्या लक्षात आलं. त्यांनी हातातल्या टॅबकडे पाहिलं आणि तो ओट्यावर ठेवला.

मी ओट्यावरून खाली उतरलो.

"भाभी, थांबा."

त्या वळल्या. वर हळूहळू शांत झालं. ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचं होतं, त्या दिवशी स्पीकरवर बोललो होतो तितक्या मोठ्यानं.

"वानखडे भाऊ म्हणतात, मशीनची चूक. सहा आणि सात मिळवले ते मशीननं, तेही मी सांगितलं म्हणून. पण दुकान पंपांचंच आहे ना, असं मशीन म्हणालं नव्हतं. ते मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं. माझा हिशेब वाचावा म्हणून मी एका माणसाच्या पोटापाण्याच्या धंद्याकडे बोट दाखवलं, आणि इथे सगळे हसले तेव्हा मला बरं वाटलं. त्यानंतर तुम्हाला घरीदारी काय काय ऐकावं लागलं असेल ते मला ठाऊक नाही, आणि ते परत घेता येत नाही. सलीमभाई, तुम्ही खरे होतात. भाभी, माझं चुकलं. मला माफ करा."